मारलेल्यांची नावं वाचून दाखवणारे धर्मगुरू

रानवारा

एल साल्वादोर हा मध्य अमेरिकेतला इवलासा देश. १९७७ ते १९८० या काळात तिथे रविवारची सकाळ झाली की खेड्यापाड्यांतले रेडिओ वायएसएएक्स या एकाच स्टेशनवर लागायचे. स्टेशन कॅथलिक धर्मप्रांताचं. राजधानी सान साल्वादोरमधली मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, त्यावरून थेट ऐकवली जायची आणि प्रवचन करायचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो. प्रवचन तास-दीड तास चालायचं. आधी त्या दिवशीच्या शास्त्रवाचनावर निरूपण, आणि मग आठवड्याचा वृत्तांत: कोणत्या गावातून कोणाला उचललं, उचलणारे गणवेशात होते की साध्या कपड्यांत, प्रेत कुठे सापडलं, कोण अजून बेपत्ता आहे. नाव घेऊन. सरकारी बाजूच्या वर्तमानपत्रांत यातलं काहीही छापून यायचं नाही. त्यामुळे ज्या बाईचा मुलगा नेला तिला त्याचं नाव देशभर ऐकू येण्याची एकच जागा होती, हे प्रवचन.

हे रोमेरो आधीपासून असे नव्हते. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्यांची नेमणूक झाली तेव्हा कॉफीचे मळेवाले आणि लष्करातले लोक खूश होते आणि गरिबांत काम करणारे फादर नाराज. पुस्तकांत रमणारा, वाद टाळणारा माणूस अशी त्यांची ख्याती. पदावर बसून महिनाही उलटला नाही तोच, १२ मार्चला, त्यांचे मित्र फादर रुतिलिओ ग्रान्दे यांना अगिलारेसजवळ रस्त्यात गोळ्या घालून मारलं. सोबत एक म्हातारा आणि एक कोवळा मुलगा होता, तेही गेले. ग्रान्दे उसाच्या मळ्यांवरच्या मजुरांबरोबर काम करत होते, एवढा त्यांचा गुन्हा.

रोमेरोंनी काय केलं पाहा. २० मार्चच्या रविवारी अख्ख्या धर्मप्रांतातल्या बाकी सगळ्या मिस्सा रद्द केल्या आणि कॅथीड्रलसमोर एकच मिस्सा ठेवली. व्हॅटिकनच्या तिथल्या प्रतिनिधीने विरोध केला, तरी ठेवली. लाखभर माणूस जमलं असं म्हणतात. या हत्येचा तपास होईपर्यंत कुठल्याही सरकारी समारंभाला जाणार नाही, असंही त्यांनी जाहीर केलं. तपास कधीच झाला नाही आणि ते कधीच गेले नाहीत, अगदी नव्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीलाही नाही.

आता मला जे म्हणायचंय त्याकडे येतो. निषेधाची पत्रकं जगभरचे बिशप काढत आलेत. 'हिंसा थांबावी, सर्वांनी संयम पाळावा' अशा पत्रकाने कोणत्याही हुकूमशहाची झोप उडत नाही. ज्या धर्मगुरूंना सत्ता घाबरली, त्यांच्या शब्दांमागे नोंदींचं दप्तर होतं. रोमेरोंकडे 'सोकोर्रो हुरिदिको' नावाची कायदेशीर मदतीची कचेरी होती. तिथे तरुण वकील आणि कायद्याचे विद्यार्थी बसायचे. खेड्यातून बाया यायच्या, कित्येकींना लिहिता-वाचता यायचं नाही. त्यांचं ऐकून घ्यायचं, तारीख-वार-ठिकाण लिहायचं, शक्य तिथे प्रेताचा फोटो काढायचा, तक्रार दाखल करायची. रविवारी प्रवचनात जे नाव यायचं ते या कागदांतून पडताळून आलेलं असायचं. 'आर्चबिशप खोटं बोलतात' असं सरकार म्हणू शकत होतं, पण पुराव्याने खोडून काढू शकत नव्हतं.

म्हणून रेडिओ स्टेशनवर पुन्हा पुन्हा बॉम्ब टाकले गेले. १७ फेब्रुवारी १९८० ला रोमेरोंनी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांना लिहिलेलं पत्र प्रवचनात वाचून दाखवलं: आमच्या लष्कराला मदत पाठवू नका, ती आमच्याच लोकांवर वापरली जाईल. दुसऱ्याच दिवशी स्टेशन उडवलं. (मदत पुढे गेलीच.) २३ मार्चला त्यांनी थेट सैनिकांना उद्देशून सांगितलं की तुम्ही ज्यांना मारताय ते तुमचेच शेतकरी भाऊ आहेत, देवाच्या आज्ञेविरुद्ध असलेला हुकूम पाळायला कोणी बांधील नाही, आणि देवाच्या नावाने मी तुम्हाला हुकूम देतो, हा जुलूम थांबवा. २४ मार्चला संध्याकाळी कॅन्सरच्या रुग्णांसाठी असलेल्या एका हॉस्पिटलच्या छोट्या चॅपलमध्ये मिस्सा चालू असताना, वेदीपाशी उभे असताना, त्यांना गोळी घातली.

३० मार्चच्या अंत्ययात्रेतही बॉम्ब आणि गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतरच्या बारा वर्षांच्या यादवीत ७५ हजारांच्या आसपास लोक गेले. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने रोमेरोंच्या हत्येचा हुकूम माजी मेजर रोबेर्तो द'ओब्विसोन यांनी दिल्याचं नोंदवलं. तोवर ते कॅन्सरने वारले होते. शिक्षा कोणालाच झाली नाही.

तुमच्या वाचनात असे आणखी कोण आलेत? विशेषतः ज्यांनी नुसतं भाषण न करता काही यंत्रणा उभी केली, असे.

अबोली

फार चांगला विषय काढलात. प्रेताचा फोटो काढून ठेवायचा, हे वाचून थबकले. रडणाऱ्या आईसमोर कॅमेरा धरणं सोपं नसणार, आणि तरी ते करायला हवं हे कळणारी माणसं तिथे होती. पुढे हेच फोटो बघत लोक आपली माणसं शोधायला येत असत, असं वाचल्याचं आठवतं. चिलीबद्दल कोणी लिहील का? तिथेही चर्चची मोठी कचेरी होती ना?

शोधयात्री

अबोली, हो. आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात शिस्तीचं काम चिलीतच झालं.

११ सप्टेंबर १९७३ ला लष्करप्रमुख जनरल पिनोचेने सत्ता घेतली. महिनाभरात सान्तियागोत 'कोमिते प्रो पास' उभी राहिली. ती फक्त कॅथलिकांची नव्हती. लुथरन (प्रोटेस्टंट) बिशप हेल्मुट फ्रेन्झ आणि कॅथलिक सहायक बिशप फेर्नान्दो अरिस्तिया हे दोघं मिळून ती चालवत. मेथॉडिस्ट होते, ज्यू समाजाचे लोकही होते. १९७५ मध्ये फ्रेन्झ परदेशी गेले असताना सरकारने त्यांना परत येऊ दिलं नाही. पाठोपाठ पिनोचेने कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांना पत्र लिहून समिती बंद करायला लावली. कार्डिनलांनी ती बंद केली आणि १ जानेवारी १९७६ ला 'विकारिया दे ला सोलिदारिदाद' सुरू केली. फरक इतकाच, पण तो फार महत्त्वाचा: समिती स्वतंत्र होती, विकारिया थेट आर्चबिशपांच्या अखत्यारीतली. तिच्यावर धाड म्हणजे चर्चवर धाड. आणि कचेरी कुठे, तर शहराच्या मुख्य चौकात, कॅथीड्रलला लागून.

काम कसं चालायचं? बाई आली की आधी समाजसेविका तिच्याशी बोलायची. मग वकील. नवऱ्याला कधी नेलं, कोणत्या गाडीतून, शेजाऱ्यांपैकी कोणी पाहिलं. त्यावरून बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असा, अर्ज तयार करून कोर्टात टाकायचा. असे हजारो अर्ज टाकले आणि कोर्टाने जवळजवळ सगळे फेटाळले. मग टाकायचे कशाला, असं कोणालाही वाटेल. पण अर्ज फेटाळायचा तरी कोर्टाला आधी गृहखात्याला विचारावं लागायचं, गृहखात्याला 'असा कोणी इसम आमच्या ताब्यात नाही' असं सहीनिशी लिहून द्यावं लागायचं, आणि त्या कागदाची एक प्रत विकारियात जायची. सरकारचं खोटं सरकारच्याच सहीने जमा होत गेलं. १९९० मध्ये मारलेल्या आणि बेपत्ता माणसांचा शोध घेणारा रेटिग आयोग बसला तेव्हा त्याने याच फाइलींवर काम केलं.

लोन्केनचं प्रकरण तर विसरता येत नाही. १९७८ च्या अखेरीस एका म्हाताऱ्याने चर्चला खबर दिली की सान्तियागोबाहेरच्या लोन्केन गावात चुन्याच्या जुन्या भट्ट्यांत माणसांची हाडं आहेत. चर्चने लगेच पोलिसांना कळवलं नाही. आधी बिशप, वकील आणि पत्रकार असे काही जण स्वतः जाऊन बघून आले आणि मग रीतसर सुप्रीम कोर्टाला कळवलं, म्हणजे रातोरात पुरावा गायब करायची सोय उरली नाही. १५ जणांचे अवशेष निघाले. ऑक्टोबर १९७३ मध्ये इस्ला दे माइपो इथून पोलिसांनी नेलेली ही माणसं, बहुतेक शेतमजूर, एका घरचे तर बाप आणि चार मुलगे. ज्यांच्या बायकांना पाच वर्षं 'तुमचा नवरा पळून गेला असेल' असं ऐकवलं जात होतं, त्यांना उत्तर मिळालं.

पुढचं लिहिताना आजही संताप येतो. १९७९ मध्ये अवशेष कुटुंबांच्या ताब्यात देण्याचा आदेश झाला. अंत्यविधीसाठी नातेवाईक चर्चमध्ये जमून वाट बघत बसले आणि तिकडे अवशेष परस्पर नेऊन गावच्या स्मशानातल्या सामाईक खड्ड्यात टाकले. पोलिसांवरचा खटला १९७८ च्या माफी कायद्याखाली गुंडाळला. त्या भट्ट्याही नंतर पाडून टाकल्या.

विकारियाच्या लोकांनाही किंमत मोजावी लागली. होसे मानुएल पारादा हे तिथल्या विश्लेषण विभागाचे प्रमुख, म्हणजे विखुरलेल्या माहितीतून कोणती टोळी कोणाला उचलते याचा माग काढणारे. मार्च १९८५ मध्ये त्यांना आणि एका शिक्षक नेत्याला शाळेच्या दारातून पळवलं, तिसऱ्या एकाला आदल्याच दिवशी उचललं होतं. दुसऱ्या दिवशी तिघांची प्रेतं सापडली, गळे चिरलेली. यात पोलीस दलाचा हात असल्याचं बाहेर आलं आणि पोलीसप्रमुख मेन्दोसा यांना सत्ताधारी लष्करी मंडळातून पायउतार व्हावं लागलं. मारलं कोणाला, हे बघा. प्रवचन देणाऱ्याला हात लावला नाही, फाइली जुळवणाऱ्याला मारलं.

उंबरठा

लेख आणि प्रतिसाद दोन्ही माहितीपूर्ण आहेत, पण एक बाजू राहतेय. 'चर्च' म्हणून सरसकट श्रेय देऊ नका. चिलीच्या शेजारी अर्जेंटिना आहे. १९७६ ते १९८३ तिथे लष्करी राजवट होती, हजारो माणसं गायब झाली, आणि बिशपांची परिषद मोठ्या अंशी गप्प राहिली. काही जण तर लष्कराच्या बाजूने बोलत. क्रिस्तियान फॉन वेर्निख नावाचा पोलिसांचा चॅप्लेन, म्हणजे पोलीस दलासाठी नेमलेला फादर, छळछावण्यांत जाऊन कैद्यांशी गोड बोलायचा आणि तिथल्या अत्याचारांत सामील होता, हे २००७ मध्ये कोर्टात सिद्ध झालं, त्याला जन्मठेप झाली. रवांडात १९९४ च्या वंशसंहारात लोक आसऱ्याला चर्चमध्ये गेले आणि तिथेच कापले गेले. न्यांगेच्या चर्चवर बुलडोझर घालायला साथ दिल्याबद्दल तिथल्या फादरला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने जन्मठेप दिली.

शिवाय मूळ प्रश्न आहेच. धर्मसंस्थेने राजकारणात बोलावं का? आज ती छळाविरुद्ध बोलते म्हणून आपल्याला आवडतं. उद्या ती दुसऱ्या कशाविरुद्ध बोलेल, तेव्हा कोणत्या तोंडाने अडवणार?

रानवारा

उंबरठा, अर्जेंटिना आणि रवांडा यांचा उल्लेख हवाच होता. चर्चला सरसकट श्रेय द्यायचं माझ्या मनातही नाही. पण अर्जेंटिनातलीच एक गोष्ट सांगतो.

ला रियोहाचे बिशप एन्रिके आन्हेलेली. जुलै १९७६ मध्ये त्यांच्या धर्मप्रांतातल्या दोन फादरांना चामिकालमधून नेऊन मारलं. आन्हेलेली स्वतः तिथे गेले, लोकांशी बोलून माहिती गोळा केली आणि ४ ऑगस्टला कागद घेऊन गाडीने परत निघाले. गाडी उलटली, ते मेले. अपघात म्हणून नोंद झाली आणि कित्येक वर्षं त्यांचे सहकारी बिशपही अपघातच म्हणत राहिले. त्यांच्याबरोबरची फाइल गायब झाली. २०१४ मध्ये कोर्टाने हा खून असल्याचा निकाल दिला आणि दोन माजी लष्करी अधिकाऱ्यांना जन्मठेप सुनावली. म्हणजे नोंद ठेवणारा बिशप तिथेही होता, पण त्याच्यामागे संस्था उभी राहिली नाही. सिल्वा एन्रिकेस यांनी चिलीत जे छप्पर दिलं ते अर्जेंटिनात कोणी दिलं नाही, म्हणून ते काम बेपत्ता मुलांसाठी प्लाझा दे मायो चौकात जमणाऱ्या आयांना उघड्यावर उभं राहून करावं लागलं. त्यांना साथ देणाऱ्या दोन फ्रेंच नन्सना डिसेंबर १९७७ मध्ये पळवून मारलं.

धर्मसंस्थेने राजकारणात बोलावं का, या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे. कोणाला मत द्या हे सांगणं वेगळं आणि या माणसाला कोणी मारलं हे विचारणं वेगळं. दुसरा प्रश्न विचारायला कोणत्याही पदाची परवानगी लागत नाही. तो शिक्षकाने विचारावा, वकिलाने विचारावा, फादरने विचारावा. त्या देशांत वर्तमानपत्रं, संघटना, कोर्टं सगळी दाबली गेली होती आणि उघडं राहिलेलं एकच दार चर्चचं होतं. अशा वेळी दार उघडं असणाऱ्याची जबाबदारी जास्त.

कोरा कागद

जुनं झालं म्हणून बाजूला ठेवू नका. फिलिपिन्समध्ये हे अलीकडेच घडलंय.

३० जून २०१६ ला दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि अमली पदार्थांविरुद्धचं 'युद्ध' सुरू झालं. पोलीस कारवाईत ६ हजारांवर माणसं मेली, हा सरकारचाच आकडा. मानवाधिकार संघटनांचा अंदाज याच्या कितीतरी पट आहे, कारण मोटरसायकलवरून येऊन गोळ्या घालून जाणारे यात धरलेले नाहीत. मरणारे जवळजवळ सगळे झोपडपट्टीतले. पोलिसांच्या कागदावर ठरलेलं वाक्य: त्याने प्रतिकार केला. चकमकीचं हे वाक्य आपल्यालाही नवीन नाही.

खरं सांगायचं तर चर्चने तोंड उघडायला वेळ लावला. फेब्रुवारी २०१७ मध्ये बिशप परिषदेचं पालकीय पत्र, म्हणजे बिशपांनी भाविकांना लिहिलेलं पत्र, देशभरच्या चर्चमध्ये वाचलं गेलं, त्यात गरिबांच्या वस्त्यांत दहशतीचं राज्य आहे असे थेट शब्द होते. तोवर हजारो गेले होते. मात्र खालच्या पातळीवर काही जण आधीपासून लागले होते. मनिलाच्या बाक्लारान चर्चमधले रिडेम्प्टरिस्ट या कॅथलिक संघाचे ब्रदर रात्री पत्रकारांबरोबर घटनास्थळी जाऊन फोटो काढत होते. डिसेंबर २०१६ मध्ये, ख्रिसमसच्या आधी, पहाटेच्या मिस्सांना गर्दी होते त्या दिवसांत, त्या प्रेतांचे फोटो चर्चच्या दारात मोठे करून लावले. लोकांना ते आवडलं नाही. सणासुदीला हे कशाला, असं बरेच म्हणाले. लावणाऱ्यांनी काढले नाहीत.

ऑगस्ट २०१७ मध्ये कालोओकान शहरात १७ वर्षांच्या एका शाळकरी मुलाला पोलिसांनी मारलं. नेहमीचंच वाक्य लिहिलं, पण या वेळी साध्या वेशातले पोलीस त्याला धरून नेताना सीसीटीव्हीत दिसले. तिथले बिशप पाब्लो व्हिर्हिलियो डेव्हिड यांनी साक्षीदाराला चर्चच्या आश्रयाला घेतलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये तीन पोलिसांना शिक्षा झाली. त्या मोहिमेतली ही पहिली शिक्षा. साक्षीदार टिकला म्हणून खटला टिकला. लिंगायेन-दागुपानचे आर्चबिशप व्हिलेगास यांनी आपल्या धर्मप्रांतात रोज रात्री आठला मृतांसाठी घंटा वाजवायला लावल्या. २०१९ मध्ये डेव्हिड, व्हिलेगास आणि इतरांवर राजद्रोहाचे आरोप लावले, पुढच्या वर्षी बिशपांवरचे वगळले. दुतेर्तेंनी तर भर भाषणात बिशपांना मारून टाका म्हटलं होतं.

पण या सगळ्यापेक्षा मला फादर फ्लाव्ही व्हिलानुएव्हा यांचं काम मोठं वाटतं. मनिलाच्या स्मशानांत गरिबांना जागा पाच वर्षांच्या भाड्याने मिळते, भिंतीतल्या कप्प्यांसारखी, एकावर एक. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत तर हाडं काढून सामाईक ढिगात टाकतात. २०१६ ला मारलेल्यांची मुदत २०२१ ला संपू लागली. म्हणजे माणूसही जाणार आणि पुरावाही. फादरांनी कुटुंबांच्या परवानगीने अवशेष बाहेर काढायला घेतले आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. राकेल फोर्तुन यांच्याकडे तपासणीला दिले. काही मृत्युदाखल्यांवर न्यूमोनिया, रक्तदाब अशी कारणं लिहिलेली होती आणि हाडांवर गोळ्यांच्या खुणा होत्या. आपल्या माणसाला गोळी घातलेली डोळ्यांनी पाहून 'न्यूमोनिया' लिहिलेल्या कागदावर सही करावी लागणं, याची कल्पना करून बघा. प्रेत लवकर ताब्यात मिळावं आणि शवविच्छेदनाचा खर्च वाचावा म्हणून गरीब सही करत.

तपासणीनंतर दहन आणि मग कालोओकानच्या ला लोमा स्मशानात बांधलेल्या स्मारकात नाव लिहून अस्थी कायमच्या ठेवायच्या. तिथे भाडं नाही आणि मुदतही नाही. फादर फ्लाव्हींना २०२५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ११ मार्चला दुतेर्तेंना आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वॉरंटवर अटक होऊन हेगला नेलं.

उंबरठा

कोरा कागद, हाडं आणि दाखल्यांची माहिती मला नवी होती, आभार. दप्तराचा मुद्दा पटला. पण एक शंका अजून आहे. हे सगळे लोक सरकारविरुद्ध बोलले. बंडखोरांनी केलेल्या हत्यांचं काय? एल साल्वादोरमध्ये गनिमही अपहरणं आणि खून करत होते. दप्तर एकतर्फी असेल तर तो प्रचारच.

पाणवठा

शंका रास्त आहे, पण इथे ज्यांची नावं आली त्यांना ती लागू होत नाही. रोमेरोंनी डाव्या गटांनी केलेल्या अपहरणांचा आणि खुनांचाही प्रवचनांतून निषेध केला होता. दक्षिण आफ्रिकेत जुलै १९८५ मध्ये डुडुझा वस्तीत अंत्ययात्रेच्या वेळी जमावाने खबऱ्या समजून एका माणसाला जाळायला घेतलं, तेव्हा बिशप डेस्मंड टुटू गर्दीत घुसले आणि त्याला वाचवलं. वर्णभेदी सरकारविरुद्ध लढणारा माणूस आपल्याच बाजूच्या जमावासमोर उभा राहिला. हे फार कठीण असतं.

दोन्हीकडची नोंद ठेवण्याची सगळ्यात ठळक गोष्ट मात्र झिंबाब्वेची. तिथल्या कॅथलिक न्याय व शांती आयोगाने १९७० च्या दशकात इयन स्मिथच्या गोऱ्या राजवटीचे अत्याचार नोंदवले. बिशप डोनल लामोंट यांना त्यापायी १९७७ मध्ये देशाबाहेर काढलं. १९८० ला स्वातंत्र्य आलं, मुगाबे आले. ज्यांच्या बाजूने आपण बोललो त्यांचंच सरकार. १९८३ मध्ये या सरकारने उत्तर कोरियाकडून प्रशिक्षण घेतलेली पाचवी ब्रिगेड माताबेलेलँडमध्ये सोडली आणि हजारो एनदेबेले गावकरी मारले गेले. तिथल्या मिशन हॉस्पिटलांतून आणि धर्मग्रामांतून (स्थानिक चर्चच्या वस्त्यांतून) माहिती आली आणि त्याच आयोगाने ती गोळा केली. बिशपांनी त्याच वर्षी ईस्टरला पत्र काढलं. पुढे एका कायदेविषयक संस्थेबरोबर आयोगाने गावोगावच्या साक्षी घेऊन सविस्तर अहवाल केला. तो १९९७ मध्ये मुगाबेंना दिला. जाहीर करायला मात्र बिशप कचरले आणि तो फुटून बाहेर आला. हेही सांगायला हवं. दप्तर तयार करणारे धीट आणि ते उघडणारे भित्रे, असं एकाच संस्थेत होऊ शकतं.

अबोली

सगळं वाचतेय. रानवारा, तुमच्या मुद्द्याला एक अपवाद सुचतोय. मलावी. तिथे दप्तर नव्हतं, नुसतं पत्रच होतं. हेस्टिंग्ज बांडा जवळजवळ तीस वर्षं सत्तेवर, विरोधात ब्र काढायची सोय नव्हती. ८ मार्च १९९२ ला कॅथलिक बिशपांचं पत्र देशातल्या सगळ्या कॅथलिक चर्चमध्ये एकाच रविवारी वाचलं गेलं. गुपचूप छापलेलं, स्थानिक भाषांतही. त्यात खटल्याशिवाय तुरुंगात डांबलेल्यांबद्दल, भीतीबद्दल, गरीब-श्रीमंतांतल्या दरीबद्दल लिहिलं होतं. बिशपांना पोलिसांनी चौकशीला नेलं, पत्र जवळ बाळगणं गुन्हा ठरवलं. तरी जून १९९३ च्या सार्वमतात लोकांनी एकपक्षीय राजवट नाकारली. लोकांना जे आधीच माहीत होतं ते कोणीतरी मोठ्याने म्हटलं, एवढं तिथे पुरलं.

रानवारा

अबोली, मलावीचं उदाहरण चोख आहे. सगळीकडे एकाच दिवशी वाचल्यामुळे पहिला बोलणारा कोण हे पकडताच आलं नाही, ही त्याची ताकद. पण नंतर खटले, नुकसानभरपाई, हाडं शोधणं याची वेळ येते तेव्हा नोंदीच लागतात, म्हणून माझा भर त्यांच्यावर.

ग्वातेमाला राहिलं होतं. तिथे बिशप हुआन हेरार्दी यांनी यादवीतल्या हत्यांचा शोध हाती घेतला. धर्मग्रामातलेच स्वयंसेवक तयार करून त्यांना गावांत पाठवलं, माया भाषांत साक्षी घेतल्या, कारण स्पॅनिश बोलणाऱ्या शहरी माणसासमोर त्या बायका काय बोलणार? चार खंडांचा अहवाल २४ एप्रिल १९९८ ला कॅथीड्रलमध्ये जाहीर झाला. बहुतांश अत्याचारांना लष्कर जबाबदार असल्याचं त्यात मांडलं होतं, गनिमांच्या वाट्याचेही होते. २६ एप्रिलला रात्री हेरार्दींना त्यांच्या घराच्या गॅरेजमध्ये ठेचून मारलं. २००१ मध्ये तीन लष्करी माणसांना आणि त्यांना साथ दिल्याबद्दल एका फादरला शिक्षा झाली. अहवाल मात्र आधीच बाहेर पडलेला होता. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावरच्या आयोगानेही ९३ टक्के अत्याचार सरकारी बाजूने झाल्याचं नोंदवलं आणि मृत व बेपत्तांचा आकडा २ लाखांवर असल्याचं सांगितलं.

शेवटी एक काळजीची गोष्ट लिहितो, कारण ती या विषयाला धरूनच आहे. रोमेरोंनंतर आलेले आर्चबिशप रिवेरा इ दामास यांनी १९८२ मध्ये 'तुतेला लेगाल' ही कचेरी काढली. डिसेंबर १९८१ मध्ये एल मोसोते आणि आसपासच्या वस्त्यांत लष्कराने हजाराच्या आसपास माणसं मारली, त्या प्रकरणाचा पाठपुरावा या कचेरीने आणि तिच्या प्रमुख मारिया हुलिया एर्नान्देस यांनी केला. सरकार वर्षानुवर्षं म्हणत होतं की असं काही घडलंच नाही. १९९२ मध्ये चर्चशेजारच्या पडक्या इमारतीत उत्खनन झालं तेव्हा किमान १४३ जणांचे अवशेष निघाले, त्यांतली १३१ बारा वर्षांखालची मुलं.

हीच कचेरी ३० सप्टेंबर २०१३ ला तेव्हाच्या आर्चबिशपांनी अचानक बंद केली. कर्मचारी आले तर कुलपं बदललेली आणि दारात पहारेकरी. यादवीतल्या गुन्ह्यांसाठीच्या १९९३ च्या माफी कायद्याला आव्हान देणारी याचिका सुप्रीम कोर्टाने नुकतीच दाखल करून घेतली होती, आणि नेमक्या तेव्हाच हजारो कुटुंबांच्या साक्षी आत अडकल्या. सरकारने नाही, चर्चनेच बंद केली. लोक रस्त्यावर आले, फाइली सुरक्षित ठेवा म्हणून. कर्मचाऱ्यांनी आणि पीडितांनी मिळून एर्नान्देस यांच्याच नावाने नवी संस्था काढली आणि खटले पुढे चालवले. माफी कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि एल मोसोतेचा खटला पुन्हा उघडला. चिलीतल्या विकारियाचं दप्तर मात्र नीट जतन केलं गेलंय, २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीतही आलं. दोन्ही दप्तरं चर्चच्याच छपराखाली तयार झालेली. म्हणून अशा नोंदींची एक प्रत कुटुंबांच्या हातात पहिल्या दिवसापासून असावी, असं मला ठामपणे वाटतं.